तिसरी तार

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका चौतीस वर्षांच्या मातेचा अंत्यविधी आम्हाला करावा लागला. पाऊस असा कोसळत होता की, शवपेटी उतरविण्यापूर्वी खड्ड्यातील पाणी दोनदा उपसावे लागले. मागे पती, सासू आणि दोन मुले. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. अशा वेळी धर्मगुरूने काय बोलावे? सेमिनरीत आम्हाला प्रवचनकला शिकविणारे वृद्ध प्राध्यापक म्हणत की, अंत्यविधीचे प्रवचन जितके लहान तितके बरे. तो उपदेश आम्ही त्या दिवशी पाळला नाही. आम्ही बरेच बोललो. प्रभूच्या योजना अगम्य असतात, आपल्या बागेतील फूल तो केव्हा खुडील हे कुणी जाणत नाही, त्याच्या इच्छेपुढे नम्र होणे एवढेच आपल्या हाती आहे, अशा आशयाचे ते बोलणे होते. लोकांनी डोळे पुसले. आपले प्रवचन आज मनाला भिडले, असे आम्हालाही, सांगताना लाज वाटते, वाटून गेले.

त्याच सायंकाळी धर्मग्रामातील एक ज्येष्ठ वायरमन आमच्याकडे आले. वयाने ते आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. सारा गाव त्यांना वायरमनकाका म्हणतो, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. छत्री दाराशी उघडी ठेवून ते उभ्यानेच म्हणाले, "फादर, रागावणार नसाल तर एक बोलतो. आज तुम्ही वेदीवरून जे सांगितलेत ते खरे नाही. ती देवाची इच्छा नव्हती. ती न जोडलेली तार होती."

खरे सांगायचे तर आम्ही रागावलो. तत्त्वज्ञानाची तीन आणि ईशज्ञानाची चार वर्षे घालवून आलेल्या माणसाला देवाची इच्छा कोणती आणि कोणती नव्हे हे एका वायरमनने सांगावे, हे आम्हाला रुचले नाही. मात्र रात्री झोप लागली नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवितो की परमेश्वर हा आदिकारण असला तरी तो दुय्यम कारणांच्या द्वारे कार्य करतो, आणि ती दुय्यम कारणे खरीखुरी कारणे असतात, देखावा नव्हे. हे आम्ही परीक्षेत लिहून उत्तम गुण मिळविले होते. मग दफनभूमीत उभे असताना ते दुय्यम कारण शोधण्याची तसदी आम्ही का घेतली नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा आटोपून आम्ही काकांसोबत त्या घरी गेलो. मागच्या पडवीत मोरीला लागून वॉशिंग मशीन होते. मशीनच्या वायरीत तीन तारा होत्या, पिनेला तीन दांड्या होत्या. तिथवर सारे ठीक होते. पण भिंतीतला सॉकेट लांब पडत होता, म्हणून एका फळीवर बोर्ड ठोकून त्यापर्यंत जादा वायर ओढली होती. ती वायर नाताळच्या तारकेसाठी आणलेल्या वायरीतून उरलेली, दोन तारांची. काकांनी बोर्डाचे स्क्रू काढून तो आमच्यापुढे उलटा धरला. पुढून पाहावे तर तीन भोके, आणि मागे तिसऱ्या भोकाला काहीही जोडलेले नव्हते.

"हे मशीन दोन वर्षे उत्तम चालले," काका म्हणाले. "तिसरी तार नसली म्हणून कुठलेच मशीन अडत नाही. तेच तर वाईट आहे."

पती कोपऱ्यात बसून होता. खाली मान घालून तो म्हणाला, "बोर्ड मीच बनवला, फादर." त्या क्षणी आम्हाला कळले की, आमचे कालचे प्रवचन या माणसाला काय देऊन गेले होते, आणि ते परत घ्यायचे तर काय घ्यावे लागणार होते. पण त्याविषयी पुढे.

त्यानंतरचे काही रविवार दुपारी काका आमच्याकडे येत आणि आम्हाला शिकवीत. आमची पिढी विजेच्या बाबतीत मोठी चमत्कारिक. अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणे आम्हाला तोंडपाठ, पण खोलीतला फ्यूज उडाला की मेणबत्ती पेटवून वायरमनची वाट पाहायची. गंमत अशी की, विजेची दोन प्रमुख मापे ज्यांच्या नावांवरून पडली, ते १८०० साली पहिली विद्युतघटमाला रचणारे इटलीचे व्होल्टा आणि फ्रान्सचे आंद्रे-मरी अँपियर, हे दोघेही श्रद्धावान कॅथलिक होते. आम्हाला मात्र ते कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

काकांची शिकवण अशी. आपल्या वसईच्या वाड्यांत पूर्वी रहाट असत. माळेतील पोहरे भरून वर येत, पन्हळीत पाणी ओतीत आणि रिकामे होऊन पुन्हा विहिरीत जात. वर येणारी बाजू आणि खाली जाणारी बाजू मिळून माळ पुरी झाली, तरच बाग भिजे. विजेचेही तसेच आहे. फेज नावाची तार घेऊन येते, न्यूट्रल नावाची तार परत नेते, आणि मधल्या वाटेवर दिवा पेटतो किंवा पंखा फिरतो. घरातील प्रवाह प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो, तेव्हा रहाटाची उपमा फार ताणू नये. पण वाट पुरी झाल्याशिवाय प्रवाह नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. पाण्याची टाकी जितकी उंचावर तितका नळाला जोर; तो जोर म्हणजे व्होल्ट, आणि आपल्या घरात तो २३० असतो. नळातून किती पाणी वाहते ते माप म्हणजे अँपियर.

आता यातली खोच. रस्त्याच्या कडेला ज्याला आपण डीपी म्हणतो, त्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल तार जमिनीत पुरलेली असते. म्हणजे आपल्या पायाखालची भूमी हीच परतीची एक वाट आहे. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचा पाय भूमीला लागलेला नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात फेजला लागला, तर मात्र वाट पुरी होते, आणि त्या वाटेच्या मध्यावर, जिथे दिवा असायला हवा तिथे, माणसाचे हृदय असते.

"पण फ्यूज आहे ना?" आम्ही विचारले. हा प्रश्न आम्हाला पुढे घरोघर ऐकू आला. काकांनी वहीवर हिशेब मांडून दाखविला. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब साधारण पाव अँपियर प्रवाह घेतो, म्हणजे सुमारे २५० मिलिअँपियर. माणसाला एक मिलिअँपियरला मुंग्या येतात. दहा-पंधराला स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. पन्नास ते शंभराच्या घरात, काही क्षण जरी प्रवाह छातीतून गेला तरी, हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. ओल्या अंगाचा रोध हजार ओमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपियर वाहतात. एका बल्बाइतके! आणि फ्यूज असतो पाच अँपियरचा. माणूस मरेपर्यंत त्या फ्यूजला काही झाल्याचे कळतही नाही. आजच्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबीचे खटके आले आहेत, पण या बाबतीत तेही तसेच. फ्यूज आणि खटका घराच्या तारा जळण्यापासून वाचवितात. माणूस वाचविणे हे त्यांचे कामच नव्हे.

ते काम तिसऱ्या तारेचे. या तारेला आपण अर्थिंग म्हणतो. तिचा रंग हिरवा, किंवा हिरव्यावर पिवळी रेघ. ती यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते, आणि तिथून पिनेच्या तिसऱ्या दांडीतून, भिंतीतून, घराबाहेरच्या खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जाऊन मिळते. ती दांडी इतर दोघींहून लांब आणि जाड का, हे आम्हाला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. लांब अशासाठी की, पिन खोचताना ती सर्वांच्या आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावी. जाड अशासाठी की, ती चुकूनही फेजच्या भोकात शिरू नये. दहा वर्षे, वीस वर्षे या तारेतून काहीही वाहत नाही. दिवा ती पेटवीत नाही, पंखा फिरवीत नाही. आतली एखादी वायर घासून उघडी पडली आणि यंत्राच्या पत्र्याला टेकली, की त्या दिवशी मात्र साऱ्या प्रवाहाला सोपी वाट देऊन ती फ्यूज उडविते. वॉशिंग मशीन कपडे पिळताना थरथरते. त्या थरथरीने आतल्या वायरीचे आवरण झिजले होते. तिसरी तार जोडलेली असती तर त्या सकाळी फ्यूज उडाला असता, आणि वायरमनला बोलवायला हवे म्हणून त्या घरात थोडी कुरकुर झाली असती. एवढेच.

अर्थात तार खड्ड्यापर्यंत पोहोचली म्हणजे झाले असे नाही. जुने लोक त्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांचे थर घालीत, कारण भूमी ओलसर राहिली तरच ती प्रवाह नीट घेते. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतीत. आता ते कोण करतो? खड्डा सुकला, तर तारेतून दहा-अकरा अँपियरच जातात, मोठ्या खटक्याला ते पुरत नाहीत, आणि पत्रा जिवंतच राहतो. म्हणून आज काका प्रत्येक घराला आरसीसीबी नावाचा आणखी एक खटका बसवायला सांगतात. जुने लोक त्याच्या आधीच्या प्रकाराला ईएलसीबी म्हणत. हे यंत्र एखाद्या चोख खजिनदारासारखे आहे. फेजमधून किती गेले आणि न्यूट्रलमधून किती परतले, याचा ते क्षणोक्षणी मेळ घालते. ३० मिलिअँपियरचाही फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जात आहे असे समजून ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडते. त्यालाही मर्यादा आहे. कोरड्या पाटावर उभे राहून कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर जेवढे गेले तेवढे परत आले असाच त्याचा हिशेब जुळेल, आणि ते स्वस्थ राहील. त्याच्यावर 'टेस्ट' असे लिहिलेले एक छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून खटका पडतो की नाही हे पाहायचे असते. ते आम्ही कुणाही घरी दाबलेले पाहिले नव्हते.

या रविवारच्या शाळेत एकदा आम्हाला एकाएकी थॉमस मर्टन आठवले. अमेरिकेतील गेथसेमनी मठाचे हे ट्रॅपिस्ट संन्यासी आमच्या पिढीच्या सेमिनरीयनांचे मोठे दैवत. १९४८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र आम्ही रात्री चोरून टॉर्चच्या उजेडात वाचले आहे. १९६८ च्या शेवटी ते आशियात आले, धरमशाळेला दलाई लामांना भेटले, मद्रासला गेले, श्रीलंकेत गेले आणि तिथून मठाधिपतींच्या एका परिषदेसाठी बँकॉकजवळ पोहोचले. १० डिसेंबरला सकाळी त्यांनी व्याख्यान दिले. दुपारी ते खोलीत फरशीवर पडलेले आढळले. अंगावर उभा पंखा आडवा पडला होता आणि त्यात वीज खेळत होती. पंख्याच्या वायरीत दोष असल्याची नोंद झाली. वय ५३. सत्तावीस वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी मठात पाऊल टाकले होते. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या या माणसाचा देह त्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या देहांसोबत लष्करी विमानातून मायदेशी गेला. हे सारे आम्हाला कित्येक वर्षे ठाऊक होते. तारखांच्या योगायोगावर आम्ही एका रिट्रीटमध्ये अर्धा तास चिंतनही दिले आहे. त्या पंख्याच्या वायरीवर मात्र अर्धे मिनिटही दिले नव्हते.

मर्टन यांच्या खोलीत पहिल्यांदा शिरलेल्यांपैकी एका मठाधिपतींनी पंखा उचलू पाहिला, तेव्हा त्यांनाही झटका बसून ते चिकटले. दुसऱ्या एका धर्मगुरूंनी प्लग काढला म्हणून ते सुटले. आमच्या धर्मग्रामातील त्या घरीही हेच घडता घडता राहिले. आईला पडलेली पाहून मुलगा धावला. त्याला आजीने झग्याला धरून मागे ओढले, म्हणून आम्ही त्या दिवशी एकच शवपेटी उतरविली. तेव्हा हे घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ हवे: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच किंवा प्लग. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर आपण होऊन सुरू होतो आणि त्याच्यावरचे बोर्ड पुन्हा जिवंत होतात. हे चटकन जमणार नसेल तर कोरड्या पाटावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर सारायचे. माणूस सुटला, पण हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास घेत नाही असे दिसले, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगायचे. विजेच्या झटक्याने थांबलेले हृदय पुष्कळदा निरोगी हृदय असते, ते पुन्हा चालू शकते, असे आमच्या धर्मग्रामातील एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. त्या सकाळी पडवीत सात-आठ माणसे जमली होती. छाती कुणी दाबली नाही. कुणाला ठाऊक नव्हते. हे शिकविणे कुणाचे काम होते, असा प्रश्न आता कोण कुणाला विचारणार?

काकांनी मग आमचे निवासस्थान तपासले. बोर्ड चांगल्या प्रतीचे, वायर चांगली, तीन तारांची. आम्ही मनातून सुखावलो. काकांनी हिरव्या तारेचा माग काढीत काढीत आम्हाला चर्चच्या अंगणात आणले आणि विचारले, "फादर, खड्डा कुठे आहे?" खड्डा नव्हता. म्हणजे होता, पण चार वर्षांपूर्वी सणाच्या आधी अंगणात जे रंगीत ब्लॉक बसविले गेले, त्यांच्याखाली तो गाडला गेला होता आणि खोदताना मजुरांनी तिथली पट्टी तोडून टाकली होती. ते काम आम्हीच घाईने करवून घेतले होते, आणि त्यावर तीर्थही आम्हीच शिंपडले होते. चार वर्षे चर्चचा ध्वनिक्षेपक, सॅक्रिस्टीतील इस्त्री, बागेतील पाण्याची मोटार आणि नाताळचा गोठा हे सारे विनाअर्थिंग चालले होते. त्या मोटारीपाशी रोज सकाळी वेदीसेवक मुले अनवाणी पाय धूत.

ब्लॉक उखडण्याचा विषय आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे मांडला तेव्हा, एवढ्यात कशाला, सण झाल्यावर पाहू, असा सूर निघाला. त्याच सभेत पुतळ्याच्या काचपेटीला मिनिटभरात मंजुरी मिळाली होती. आम्ही कधी नव्हे तो आवाज चढविला. ब्लॉक उखडले गेले.

राहिला तो पती. तिसाव्या दिवसाची मिस्सा जवळ येत होती. ती न जोडलेली तार होती, हे आता आम्हाला वेदीवरून सांगायचे होते, कारण तसले बोर्ड आणखी घरोघर असणार होते. पण ते सांगणे म्हणजे भर चर्चमध्ये एका विधुराकडे बोट दाखविणे. देवाची इच्छा या शब्दांनी त्याला एक आडोसा दिला होता. तो काढून घेण्याचा अधिकार आम्हाला होता काय? तीन दिवस आम्ही टाळले. चौथ्या दिवशी त्याच्याकडे गेलो आणि जे मनात होते ते सांगितले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, मला रोज रात्री तो बोर्ड दिसतो. देवाची इच्छा म्हणता तेव्हा वाटते, देवाने माझे हात वापरले. ते जास्त वाईट आहे. तुम्ही सांगा. माझे नाव घेऊन सांगा."

आम्ही नाव घेतले नाही. त्या मिस्साबलीत आम्ही आपल्या पहिल्या प्रवचनाबद्दल क्षमा मागितली आणि मोडलेल्या पट्टीची, अंगणातील ब्लॉकची आमची स्वतःची कथा आधी सांगितली. मग दोन तारांच्या बोर्डाविषयी सांगितले, पण ते कुणाच्या घरचे हे नाही. प्रवचन सात मिनिटांत संपले. बाहेर पडताना अनेकजण त्याच्यापाशी थांबले. कोण काय बोलले हे आम्ही ऐकले नाही.

नंतर काका, त्यांच्या हाताखालचे दोन परवानाधारक तरुण आणि युवक मंडळाची काही मुले घरोघर निघाली. अनुभव मोठा शिकविणारा होता. सुरक्षेसाठी बोर्ड तपासतो म्हटले की लोक म्हणत, आमच्याकडे सगळे ठीक आहे. विजेचे बिल कमी करून देतो म्हटले की आत बोलावून चहा देत. मरणाचे भय कुणाला वाटत नाही, बिलाचे सर्वांना वाटते! मग मुले आधी बिलाचेच बोलू लागली. हजार वॉट एक तास म्हणजे एक युनिट, हा सारा हिशेब. नऊ वॉटचा एलईडी दिवा जुन्या साठ वॉटच्या बल्बाइतका उजेड देतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र दिवा विझवा म्हणून नातवंडांवर ओरडणाऱ्या आजींना हे पटत नाही की, असा दिवा पाच तास जळला तरी युनिटाचा विसावा हिस्साही होत नाही, आणि दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात आख्खे युनिट खातो. साधा छताचा पंखा पाऊणशे वॉटच्या आसपास घेतो, बारा तासांत जवळजवळ एक युनिट. नव्या बीएलडीसी जातीचा पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेच काम करतो. चर्चमध्ये पंखे पुष्कळ, म्हणून आम्ही ते टप्प्याटप्प्याने बदलीत आहोत. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले की तो रात्रंदिवस चालत राहतो. दारात कागद धरून पाहावा, सहज निघाला तर रबर बदलावे.

आणि बिलाचे बोलता बोलता जे दिसायचे ते दिसे. एका सॉकेटला त्रिशूळासारखे तीन प्लग, आणि तिन्हींवर तापणारी यंत्रे. बोटाला गरम लागणारा प्लग, म्हणजे आत सैल झालेला सांधा. विनापिनेच्या नुसत्या तारा काडीने खोचलेल्या. हिरवी तार न्यूट्रलला जोडून 'अर्थिंग करून दिलेली', जिथे न्यूट्रल कुठे तुटली की घरातील प्रत्येक पत्रा जिवंत व्हावा. हिरवी तार मोरीतल्या नळाला बांधलेली, आणि नळ पुढे प्लास्टिकचा. मोबाईलच्या चार्जरासारख्या ज्या वस्तूंवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना तिसरी तार लागत नाही, हे समजावले की लोकांना हायसे वाटे. गिझर, फ्रिज, इस्त्री, मोटार, वॉशिंग मशीन यांना ती लागतेच. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा भिजलेले कित्येक बोर्ड कुणी न उघडता तसेच पुन्हा सुरू केले होते. आत गंजाचे थर होते.

एका घरी आमच्यासमोर काकांनी टेस्टर फ्रिजच्या मुठीला लावला आणि आतला दिवा लागला. घरची बाई म्हणाली, "हो, पावसात जरा मुंग्या येतात. सवय झाली." काका तिथेच खाली बसले.

घरे आशीर्वादित करण्याच्या आमच्या पद्धतीतही आता थोडा फरक पडला आहे. तीर्थ शिंपडताना आम्ही स्विचबोर्डाकडे हात वळवीत नाही. आधी वळवीत असू! आणि प्रार्थना झाल्यावर मीटर कुठे आहे ते विचारतो. काही घरांना हे विचित्र वाटते. एका वृद्ध गृहस्थांनी, "फादर आता वायरमन झाले," असे आमच्या पाठीमागे म्हटल्याचे कानावर आले. काकांना ते आवडले.

गेल्या इस्टरनंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो होतो. पडवीतील फळी नाही. भिंतीतच मशीनजवळ नवा सॉकेट आहे, मोरीपासून दूर, कमरेच्या उंचीवर. मीटरपाशी आरसीसीबी बसविला आहे. मुलगा आता बारा वर्षांचा. आम्ही बसलो होतो तेवढ्यात तो स्टूल घेऊन मीटरपाशी गेला आणि म्हणाला, "आजी, आज एक तारीख." आजीने देवघरातील मेणबत्ती पेटवून हाती घेतली. मुलाने बटण दाबले. खट्कन आवाज झाला, पंखा मंदावत थांबला, फ्रिजची घरघर बंद पडली. तो तसाच अंधारात उभा होता. मग त्याने बहिणीला विचारले, "सगळे बंद झाले ना?" आतल्या खोलीतून ती म्हणाली, "झाले." त्याने खटका वर केला.